कडुलिंबाच्या सावलीत रुपेरी केना



कवठे महांकाळ तालुक्यातून, ढालगावच्या बाजूच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आमच्या दारात कडुलिंबाचं जुनं झाड आहे. खालची माती दरवर्षी वाहून जाते, आता मुळं उघडी पडलीत. मुलं त्याला ठेचकाळतात. सासूबाई झाड तोडू देत नाहीत आणि माझंही मन होत नाही. सावलीत झेंडू लावला, शेवंती लावली, काही तग धरत नाही. सांगलीला भाच्याच्या घरी झाडाखाली जमिनीवर पसरलेलं, चांदीसारख्या पट्ट्याच्या पानांचं रोप पाहिलं. ते आमच्या रानात येईल काय?"

येईल. पण कुठं लावायचं, त्यापेक्षा कुठं लावायचं नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. म्हणून आजचं हे बोलणं.

आधी त्या उघड्या मुळांचं बघू. आपला समज असा की झाडाखाली पाऊस कमी लागतो, म्हणजे माती सुरक्षित. तसं नाही. पानांवर पावसाचे बारीक थेंब एकत्र होतात आणि मोठा थेंब होऊन खाली सुटतात. झाड आठ-दहा मीटर उंच असलं, तर तो मोठा थेंब जवळजवळ पावसाच्याच वेगानं जमिनीवर येतो आणि नुसत्या मातीवर आदळला तर तिथं खड्डा पाडतो. खाली पालापाचोळा असेल, गवत असेल, तर थेंबाचा मार त्यावर बसतो. आपण काय करतो? रोज सकाळी खराट्यानं अंगण लख्ख झाडतो, पाला गोळा करतो आणि काडी लावतो. त्याच जागेवर जनावरं बांधतो, त्यांच्या पायानं जमीन दगडासारखी होते. मग वळवाचा एक पाऊस आला की पाणी मुरत नाही, वरची बोटभर माती घेऊन नाल्याला जातं. असं दहा-पंधरा वर्षं चाललं की मुळं वर दिसायला लागतात. पुढं कधीतरी वादळात झाड घरावर कलतं. आपला तालुका पर्जन्यछायेतला. इथं दारात पन्नास वर्षांचं झाड उभं असणं ही साधी गोष्ट नाही.

तेव्हा या भगिनींना पहिला सल्ला एकदम फुकटातला. झाडाच्या बुंध्यापासून चार-पाच फुटांपर्यंतचा पाला झाडू नका. बाकीचं अंगण पाहिजे तेवढं झाडा. नुसतं एवढं केलं तरी दोन पावसाळ्यांत फरक दिसतो.

आता त्या रुपेरी रोपाकडे येऊ. त्याला रोपवाटिकेत झेब्रिना म्हणतात. शास्त्रीय नाव ट्रेडस्कॅन्शिया झेब्रिना. मूळचं ते मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या मुलखातलं, तिथल्या झाडाखालच्या ओलसर सावलीतलं. पान दोन-तीन इंचांचं, टोकदार, त्यावर दोन चकाकते रुपेरी पट्टे आणि मधे हिरवी-जांभळी रेघ. पान उलटं केलं की खालची बाजू पूर्ण जांभळी. फूल गुलाबीसर, तीन पाकळ्यांचं, एवढंसं. त्याच्यासाठी कोणी हे रोप लावत नाही. फांद्या जमिनीलगत पळतात आणि जिथं पेर मातीला टेकतं तिथं मुळ्या सुटतात.

हे वर्णन ऐकून तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात एक नाव आलं असेल. बरोबर आहे. हे आपल्या केन्याच्याच कुळातलं. खरिपात ज्वारी-बाजरीत, भुईमुगात जो केना आपल्याला जेरीस आणतो, त्याचा हा परदेशी चुलतभाऊ. मी त्याला रुपेरी केनाच म्हणतो. माझ्या दारात तो पहिल्यांदा लावला तेव्हा शेजारच्या आजी काठी टेकत आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "आवं भाऊ, आमी जल्मभर केना उपटून हाताला घट्टं पाडलं आन् तुमी दारात लावताय व्हय?" आजींचं बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढं ते आठवण्याची वेळ आली, ते सांगतोच.

पानावरचा तो रुपेरी पट्टा कशाचा, हे सांगितलं म्हणजे जागा निवडणं सोपं होईल. रुईचं पान पांढुरकं दिसतं ते त्यावरच्या लवेमुळं. ती लव उन्हापासून पानाचं रक्षण करते, म्हणून रुई भर उन्हात माळावर उभी राहते. झेब्रिनाच्या पानावर तशी जाड लव नाही. त्याच्या वरच्या सालीखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यावरून उजेड परततो आणि पट्टा चांदीसारखा दिसतो. तेव्हा दोन्ही पानं पांढरी दिसली म्हणून दोघांना एकाच माळेत ओवू नका. रुई उन्हातली, झेब्रिना सावलीतली. मार्च ते मे या महिन्यांत आपल्याकडचं दुपारचं ऊन त्यावर सरळ पडलं तर पानाच्या कडा करपतात, पट्टा फिकट होतो आणि पाणी कमी पडलं तर फांदी खालून उघडी पडत जाते.

उलट अगदी अंधारी जागाही चालत नाही. दाट चिंचेच्या आत, भिंतीच्या आडोशाला, जिथं दिवसभरात कवडसाही येत नाही, तिथं फांद्या लांबट होतात, पानं दूर दूर येतात आणि रुपेरी पट्टा मंदावतो. सकाळचं तास-दोन तासांचं कोवळं ऊन आणि नंतर दिवसभर चाळणीतून पडल्यासारखी सावली, ही उत्तम जागा. कडुलिंबाची सावली बहुधा अशीच असते. म्हणून कडुलिंबाच्या पूर्वेच्या बाजूला हे रोप चांगलं बसतं. झाड फारच दाट झालं असेल तर खालच्या एक-दोन फांद्या उतरवाव्यात, शेळ्यांनाही पाला होतो.

चिंचेबद्दल वेगळं सांगतो. चिंचेखाली काही उगवत नाही असं जुनी माणसं म्हणतात, त्यात तथ्य आहे. चिंचेच्या पाल्यातून आणि मुळांतून काही पदार्थ मातीत उतरतात आणि ते दुसऱ्या रोपांची वाढ रोखतात, असं प्रयोगांतून दिसलेलं आहे. तिथं रोपासाठी धडपड करू नये. चिंचेखाली तिचाच पाला राहू द्यावा, तेच तिचं आच्छादन.

लागवड कशी करायची? रोप विकत घ्यायचं ते एकच. शंभर पिशव्या घेऊन पैसे घालवू नका. फेब्रुवारीत एक भरलेली कुंडी आणा, पडवीत ठेवा. तिच्या शेंड्याकडचे चार-चार इंचांचे छाट घ्या, प्रत्येकाला दोन-तीन पेरं असावीत. खालचं पान काढून टाका आणि एक पेर मातीत जाईल असं दुसऱ्या कुंडीत खोचा. एका कुंडीत आठ-दहा छाट. माती, वाळू आणि चाळलेलं शेणखत सारखं मिसळलं की पुरे. मुळ्या फुटायला आठ-दहा दिवस, फार तर दोन आठवडे लागतात. पाण्याच्या पेल्यात ठेवला तरी छाट मुळ्या धरतो, पण मातीत केलेलं रोप जास्त काटक होतं. असं करत गेलात तर जूनपर्यंत एकाच्या चार-पाच कुंड्या सहज होतात.

मृगाचा किंवा त्यानंतरचा बरा पाऊस होऊन जमीन ओली झाली की झाडाखाली लावा. इथं एक चूक बहुतेक जण करतात. कुदळ घेऊन झाडाखालची जमीन फूटभर खणतात. तसं करू नका. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात, ती तुटतात आणि ज्या झाडासाठी हा खटाटोप त्यालाच इजा होते. खुरप्यानं वरचा कठीण पापुद्रा तेवढा मोकळा करा. त्यावर गाळाची माती आणि कुजलेलं शेणखत मिळून दोन इंचांचा थर द्या, त्याहून जाड नको. बुंध्याला माती लावू नका, साल कुजते. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. उघड्या मुळांच्या मधे जिथं खाचा आहेत तिथं माती भरून प्रत्येक खाचेत दोन-तीन छाट खोचा. बाकी जागेत नऊ-नऊ इंचांवर. मोकळ्या राहिलेल्या मातीवर पाल्याचा पातळ थर पसरून द्या. पावसाळा संपेपर्यंत फांद्या एकमेकींना भेटतात.

पाण्याचं काय, हा खरा प्रश्न. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागली आहे, त्या गावात शोभेच्या रोपाला पाणी घाला असं सांगायला मलाही संकोच वाटतो. पण हिशेब ऐका. दहा फूट बाय दहा फूट जागेला कडक उन्हाळ्यात तीन-चार दिवसांआड दोन ते तीन बादल्या पाणी लागतं. हे पाणी पिण्याच्या हंड्यातलं नको. भाजी धुतलेलं, तांदूळ-डाळ धुतलेलं, भांडी शेवटच्या वेळी विसळलेलं पाणी चालतं. साबणाच्या फेसाचं आणि कपड्याच्या पावडरीचं पाणी मात्र रोज घालू नये, माती बिघडते. पाणी संध्याकाळी द्यावं. खड्ड्यात साचून राहील असं देऊ नये, डास होतात आणि रोपाचा बुडखाही कुजतो. याच पाण्यावर कडुलिंबही पोसला जातो, हे विसरू नका. एखाद्या उन्हाळ्यात तेवढंही जमलं नाही तर रोप वरून वाळेल. वाळू द्या. बुडख्यात जीव राहिला तर पाऊस पडताच पुन्हा फुटतं, नाहीतर पडवीतल्या कुंडीतून परत छाट लावायचे. म्हणून एक कुंडी कायम राखून ठेवायची.

खत वेगळं लागत नाही. वर्षातून एकदा पावसाच्या तोंडाला घमेलंभर कुजलेलं शेणखत पसरलं की झालं. युरिया घातला तर पानं मोठी आणि लुसलुशीत होतात, रुपेरीपणा कमी होतो आणि किडीलाही आवडतं.

आता भगिनींच्या मनातली दुसरी शंका, जी पत्रात लिहिलेली नाही पण घरोघर विचारली जाईल. दारात अशी दाटी केली तर साप-विंचू येणार नाहीत का? शंका रास्त आहे. कुठल्याही दाट, गार जागेत बेडूक येतो, उंदीर येतो, आणि त्यांच्या मागं साप येऊ शकतो. म्हणून घराच्या भिंतीपासून आणि येण्या-जाण्याच्या वाटेपासून दोन-दोन फूट जागा झाडून मोकळी ठेवा. रोप घोट्याच्या वर वाढू देऊ नका. वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा पावसाच्या आधी, विळ्यानं वरून छाटणी करा. तिथं दगड, विटा, लाकडं यांचा ढीग रचू नका. आणि आत पडलेला चेंडू काढायला मुलांना हात घालू देऊ नका, काठीनं काढायला शिकवा. अंधारात त्यावरून चालायचं नाही. ज्यांचं घर अगदी रानात आहे, पडवीत माणसं खाली झोपतात, त्यांनी हे रोप लावूच नये आणि नुसत्या पाल्यावर भागवावं, असं माझं मत आहे.

छाटणी करताना फांदीतून चिकट पाणी निघतं. काहींच्या कातडीला त्यानं खाज सुटते. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी आणि नंतर हात साबणानं धुवावेत. कुत्रं त्यावर रोज लोळलं तर त्याच्या पोटाला पुरळ येतं. आपल्याकडं केन्याच्या पाल्याची भाजी आणि भजी करतात, म्हणून स्पष्ट सांगतो: रुपेरी केना खायचा नाही आणि जनावरांपुढंही टाकायचा नाही.

ज्यांना सावलीच्या कडेला उपयोगी पडणारं काही हवं आहे, त्यांनी पानओवा लावावा. त्याचंही पान जाड, लवदार, थोडं राखाडी झाक असलेलं. छाटानं लागतो, वर्षानुवर्षं टिकतो, भज्याला आणि खोकल्याच्या काढ्याला होतो. त्याला थोडा उजेड जास्त लागतो एवढंच.

आता माझ्या हातून झालेली चूक. दुसऱ्या वर्षी रोप चांगलंच माजलं, तेव्हा छाटणी करून निघालेला सगळा माल मी सवयीप्रमाणं उकिरड्यावर टाकला. वाटलं, कुजेल आणि खत होईल. उकिरड्याच्या कडेला तो हिरवाच राहिला, माझं लक्ष नव्हतं. वैशाखात खत ओढलं आणि कांद्याच्या रोपासाठी ठेवलेल्या तुकड्यात टाकलं. पाऊस झाल्यावर वाफ्यांतून, आणि जास्त करून पाटाच्या ओल्या कडेनं, जांभळे शेंडे वर आले. पेराचा इंचभर तुकडा जरी जिवंत राहिला तरी तो रोप होतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी चुकलो. खुरपणीला आलेल्या बायकांनी तोडून तोडून बांधावर टाकलं, तिथंही ते लागलं. दोन पावसाळे मी स्वतः पाटाच्या कडेनं बसून एकेक तुकडा पाटीत वेचला, तेव्हा रान मोकळं झालं. त्या आजी रोज जाता-येता बघत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

म्हणून छाटलेला माल उकिरड्यावर, ओढ्यात, बांधावर टाकायचा नाही. पत्र्यावर किंवा फरशीवर कडक उन्हात पसरून हातानं चुरा होईपर्यंत वाळवायचा. पावसाळ्यात छाटला असेल तर काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवायचा, आत उकडून मरतो. मगच उकिरडा.

मी हे इतकं घोळून सांगतो त्याला कारण आहे. घाणेरी, जी आज डोंगर-माळ व्यापून बसली आहे, ती १९ व्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेली. तळी आणि नद्या गिळणारी जलपर्णी, तीही तिच्या जांभळ्या फुलांसाठी बंगालमध्ये आली, त्याच शतकाच्या अखेरीस. दोन्ही आणणाऱ्यांनी हौसेनंच आणल्या होत्या. झेब्रिनाची बी क्वचितच धरते, त्यामुळं वाऱ्यानं उडून ते पसरणार नाही. त्याला पाणी पसरवतं आणि माणूस पसरवतो. दक्षिण आफ्रिकेत आज ते कायद्यानं उपद्रवी वनस्पतींच्या यादीत आहे, आणि गॅलापागोस बेटांवरच्या ओल्या रानात त्यानं गालिचा घालून तिथली देशी रोपं दाबून टाकली आहेत. आपलं कोरडं रान हे त्याला लागलेलं कुंपणच आहे. पण अग्रणीच्या काठाला, ओढ्यांत आणि म्हैसाळ योजनेच्या कालव्याच्या कडेला ते कुंपण नाही. तिथं सावलीही आहे आणि ओलही. त्या जागांच्या जवळपास हे रोप नेऊ नका. देवाच्या रानातही नको. आरेवाडीला बिरोबाच्या बनात उन्हातून आल्यावर जो गारवा लागतो, तिथं काय उगवावं हे त्या जागेनं ठरवलेलं आहे. आपण हौसेनं तिथं काही खोचू नये.

द्राक्षबागायतदार बंधूंकडूनही विचारणा होईल, की मांडवाखाली सावली असते, तिथं हे रोप आच्छादन म्हणून चालेल का? माझं उत्तर ठाम नाही असं आहे. पिठ्या ढेकूण, ज्याला आपण मिलीबग म्हणतो, तो या रोपावरही राहतो. पेराच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की समजावं. मुंग्या त्याला इकडून तिकडे नेतात. वेलीवर हजारो रुपयांची औषधं मारायची आणि खाली त्याच किडीला घर बांधून द्यायचं, हा कुठला व्यवहार? शिवाय छाटणीच्या, फवारणीच्या वेळी माणसांच्या पायांनी तुकडे सगळ्या बागेत जातील. बागेत उसाचं पाचट घाला, ते बरं. बागेला लागून घर असेल तर दारातही रुपेरी केना लावू नका. ज्यांनी लावला आहे त्यांनी आठवड्यातून एकदा पेरं तपासावीत आणि कापूस दिसला की तो भाग कापून पिशवीत बांधून नष्ट करावा.

आणि कोणी येऊन सांगू लागला की याची शेती करा, शहरात रोपाला मागणी आहे, एवढे-एवढे मिळतील, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. जे रोप काडी खोचली की येतं, ते विकत घेणारा दुसऱ्या वर्षी विकणारा होतो.

ढालगावकडच्या भगिनींनी शेवटी विचारलं आहे, की सुरुवात किती जागेवर करावी. पाच फूट लांब, पाच फूट रुंद. झाडाच्या पूर्वेची बाजू. नऊ इंचांवर साधारण ४५ जागा होतात, प्रत्येक जागी तीन छाट म्हणजे १३५ छाट. तेवढे घरच्याच कुंड्यांतून निघतील. उरलेल्या भागात पाला राहू द्या. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, माती किती थांबली ते मुळांवर बोट ठेवून बघा, आणि मग पुढचं ठरवा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

नमस्कार.